उत्तरेच्या भिंतीचा चुना

९ मार्च १९०८, सोमवार

दुपारी पोचले. ऊन पडलं होतं, बरं वाटलं. चर्चलगतच्या खोलीला दोन खिडक्या आहेत आणि चूल धूर करत नाही. किल्ली चर्चचे कारभारी कदुगन प्यू यांनी दिली. झाडलोट, घंटा आणि दिव्यांच्या काचा एवढं माझं काम. ते म्हणाले, गर्दीची काळजी करू नका बाई, जिवंत माणसं सगळी दुसऱ्या पंथाच्या चॅपलात जातात, मेलेली तेवढी आमच्या चर्चात पुरायला येतात. मग माझे काळे कपडे पाहून त्यांचं त्यांनाच लागलं, टोपी हातात फिरवत राहिले. मी हसले. गेथिनही हसला असता.

त्याची कबर दारापासून अकरा पावलांवर आहे. तिच्यासाठीच तर मी खाणीचं गाव सोडून नवऱ्याच्या गावी आले.

१२ मार्च

चर्च ठेंगणं, डोंगराला पाठ लावून बसलेल्या मेंढीसारखं. आवार गोल. खाणकामगारांच्या वाचनालयात झाडू मारता मारता मी जे वाचलं त्यात होतं, की आवार गोल असेल तर जागा चर्चपेक्षाही जुनी. छपराच्या तुळया उपड्या नावेच्या फासळ्यांसारख्या दिसतात. मधला ओकच्या लाकडाचा जाळीदार पडदा चारशे वर्षांचा. त्यावर द्राक्षवेल कोरली आहे. एक पान सुतारानं अर्धंच सोडलंय. पुसताना तिथे हात थांबतो.

उत्तरेची भिंत मात्र चुन्याच्या थरांनी फुगली आहे. इथली रीत अशी, की माणूस पुरला त्याच दिवशी त्याच्या सगळ्यात जवळच्यानं त्या भिंतीला चुन्याचा एक हात द्यायचा. नोव्हेंबरात गेथिनसाठी तो सासूबाईंनी दिला. मी तापात होते. खाणीतल्या स्फोटानंतर शवपेटी खिळे ठोकूनच आली होती. त्याचा चेहरा मला कुणी दाखवला नाही.

१९ मार्च

झाडताना उत्तरेच्या भिंतीचा पोपडा पडला. खाली रंग दिसला. जुन्या काळी भिंतींवर संतांची चित्रं असत, पुढे ती चुन्यानं झाकली, हे मी वाचलंय. मोठा शोध लावल्यासारखी लोण्याची सुरी घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत एक कपाळ निघालं. डाव्या भुवईत तुटकी रेघ.

गेथिनला तिथे दगड लागला होता.

२० मार्च

संत नाही. तोच आहे. डोळे मिटलेले, चेहरा शांत. कुठे भाजल्याची खूण नाही. त्याच्यासमोर बसून ओटची भाकरी खाल्ली. चार महिन्यांत प्रथमच पोटभर रडले.

२४ मार्च

सासूबाई ताक घेऊन आल्या. भिंत पाहिली आणि भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, “एवढी पुस्तकं वाचलीस पोरी, पण एका म्हातारीला विचारलं नाहीस. मेलेल्यानं मागं वळून बघू नये म्हणून आपण चुन्यानं दार लावतो.”

मी म्हटलं, मला त्याचा चेहरा एकदा बघायचा होता.

“मलाही बघायचा होता,” त्या म्हणाल्या.

ज्यानं उघडलं त्यानंच झाकायचं, असं सांगून गेल्या. मी आठ दिवस मागून घेतले.

२ एप्रिल

डोळे उघडे आहेत. मी झाडत जाते तसे ते फिरतात. आज चुना भिजवायचा होता. भिजवला नाही. त्यानं मला ओळखलंय, कसा भिजवू —

६ एप्रिल

भिंतीखाली काळी पूड. झाडली की पुन्हा. रंग नाही, कोळसा आहे. भुवईच्या वरची कातडी — नाही, लिहीत नाही.

९ एप्रिल

तो खोकतो. दिवसाढवळ्या, घंटा वाजवताना ऐकलं. तोंड उघडलंय, श्वास पुरत नाही. तो पुन्हा खाली आहे, खाणीच्या त्या बोगद्यात, आणि मी — मी नेलं त्याला तिथे. माझ्या सुरीनं.

१० एप्रिल

चुना भिजवला. कुंचला उचलवेना.

१२ एप्रिल, ईस्टरआधीचा फुलांचा रविवार

बाहेर सगळं गाव कबरी धुतंय, डॅफोडिलची फुलं वाहतंय. कुणीतरी मुलांना दटावतंय. आत आम्ही दोघी. सासूबाईंनी बादली धरली आहे. त्यांनी माझ्या आधी एक हात देऊन पाहिला, टिकला नाही, ओघळून गेला. मीच हवी.

कपाळ झाकलं. डोळे — त्यानं मिटले नाहीत. झाकले.

तोंड उरलंय. टेकायला बाकावर बसले, म्हणून हे लिहिते. त्यावर चुना दिला की तो सुटेल, सासूबाई म्हणतात. त्याला एकदा गुदमरताना मी पाहिलं नाही, आता माझ्याच हातानं —

त्या म्हणतात, “लिहू नकोस. हात चालव.”

दिला. तोंडावरचा चुना फुगतो, बसतो. फुगतो. खालून तो माझं नाव —