खांद्यापर्यंत

प्रिय बाईसाहेब,

पत्राच्या आरंभीच ‘पत्रास कारण की’ असे लिहून कारण सांगून टाकण्याची रीत आहे. मी सहसा रीत मोडीत नाही, हे तू जाणतेसच. आज मात्र कारण शेवटी सांगणार आहे. रहस्यकथा हाती आली की तू आधी शेवटचे पान वाचतेस आणि मग मलाही सांगून टाकतेस. या पत्राच्या बाबतीत तेवढे करू नकोस, ही विनंती.

इकडील सर्व ठीक आहे. स्वयंपाकघरातील नळ गळत होता, तो मी स्वतः दुरुस्त केला. आता तो गळत नाही. परंतु उघडतही नाही. खिडकीतील तुझ्या कुंड्यांना नियमाने पाणी घालतो. त्यांपैकी कोपऱ्यातील झाड गेले असावे, असे मला वाटते. तथापि तो निर्णय माझ्या अधिकारातील नसल्यामुळे त्यालाही पाणी घालीत आहे. आपण फोनवर बोलतो ते खरे, पण ‘जेवलात का’, ‘गोळी घेतलीत का’, ‘ठेवू का’ यापलीकडे आपली गाडी कधी जात नाही. चेहरा दिसेल असा फोन लावून देते, असे तुझी धाकटी बहीण म्हणाली, तर तू तिच्यावर डाफरलीस, तेही मला ऐकू आले. म्हणून लेखणी हाती घेतली. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता दुसऱ्यांची इतकी वाक्ये माझ्या बोटांखालून गेली, की स्वतःचे एखादे नीट लिहिता यावे, एवढा हक्क मला आहे असे मी समजतो.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला. केस गळून गेले, तेव्हा तू डगमगली नाहीस. उशीवरचा तो पुंजका तू स्वतः उचललास, डोक्याला सुती रुमाल बांधलास आणि “बरं झालं, वेणीचा वेळ वाचला,” असे म्हणून स्वयंपाकाला लागलीस. औषधाने तोंडाची चव गेली, तरी भाजीत मीठ कमी आहे हे तू वासावरून सांगत होतीस. केमोची शेवटची फेरी झाली, डॉक्टरीणबाईंनी “आता सहा महिन्यांनी भेटू” असे सांगितले, तेव्हा मला वाटले, आपण गड जिंकला. आणि नेमके तेव्हाच तुझे अवसान गळाले. केस परत येऊ लागले आणि तू खचलीस. हे मला तेव्हा उमगले नाही. जे गेले ते परत येत आहे, मग रडायचे काय, असा माझा सरळ हिशेब होता.

ते निराळेच काही येत होते, हे मी पाहिले नाही. तुझे केस सरळ, काळेभोर, हाताला जड. हे आले ते पांढरे, वळणावळणाचे, पिल्लाच्या पिसांसारखे मऊ. कानांमागे दाट आणि टाळूवर विरळ. “हे माझं डोकं नाही हो, कुणाचं तरी उसनं आणलंय,” असे तू म्हणालीस. समोरच्या वहिनींनी मायेने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि “अगं बाई, बाळाचं जावळच जणू!” असे त्या बोलून गेल्या. तू त्यांच्यासमोर हसलीस. दार लावून घेतल्यावर मात्र न्हाणीघरातील आरसा उतरवून कपाटामागे ठेवलास आणि मला म्हणालीस, “गेलेलं बघून लोक गप्प बसतात. आलेलं बघून बोलायला लागतात.” त्याच आठवड्यात पिशवी भरलीस. खांद्यापर्यंत आले की परत येईन, तोवर तुम्ही तिकडे यायचे नाही, असे बजावून धाकटीकडे निघालीस. मी तुला बसमध्ये बसवून दिले. खिडकीशी उभा राहिलो आणि तिकीट सांभाळून ठेव, एवढेच बोललो.

आता माझ्याविषयी. रविवारचा प्रश्न तू गेल्यावर पहिल्याच रविवारी उभा राहिला. बंद न्हाणीघरात, जुन्या दातांच्या ब्रशने तू माझ्या केसांना कलप लावतेस, हे आपल्या दोघांखेरीज या जगात कोणाला माहीत नव्हते. पस्तिशीतच मी पांढरा झालो होतो आणि छापखान्याचे नवे मालक म्हाताऱ्या दिसणाऱ्या कामगारांना एकेक करून घरी पाठवीत होते, तेव्हा तूच ती डबी आणलीस. माझ्या खांद्यांभोवती रद्दी झालेली छपाई गुंडाळायचीस, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालायचीस, आणि मी मान खाली घालून त्या कागदावरील चुका मोठ्याने वाचून दाखवायचो. बोटांना रंग लागला, तर शाई म्हणून खपून जात असे. काम सुटले, शाई सुटली. डबी मात्र सुटली नाही. या वयात एवढे काळे केस, असे कोणी कौतुकाने म्हणाले, की मी ‘आमच्या घराण्यातच आहे’ असे उत्तर देत असे आणि तू तोंडाला पदर लावून आत जायचीस.

तर त्या रविवारी मी स्वतःच कलप लावला. दाढीच्या टीचभर आरशात बघून पुढचा भाग बरा जमला. मागचा दिसत नाही, हे मला लावल्यानंतर लक्षात आले. एक कान काळा झाला, मान काळी झाली, आणि तू भरलेला तो निळ्या फुलांचा अभ्रा कायमचा गेला. त्याबद्दल तू येऊन बोलशील ते ऐकून घेईन. दुसऱ्या दिवशी वाणीदादाने विचारले, “काय काका, पुन्हा छापखाना सुरू केला की काय?” त्यानंतर मी त्या डबीला हात लावला नाही.

परिणाम असा झाला, की मी मुळापासून पांढरा होऊ लागलो. काळी टोके टोपीखाली झाकली जात आणि कडेचे पांढरे तेवढे लोकांना दिसे. आणि आपल्या गल्लीने त्याचा भलताच अर्थ लावला. या माणसाचे काळेभोर केस बघता बघता पिकले, त्याअर्थी बायकोचे काही खरे नाही! घराण्याचा दाखला मीच देऊन ठेवला होता, तेव्हा कलपाची शंका कोणाला येणार? मी दिसलो की माणसे आवाज खाली आणीत. दुकानात मला रांगेत उभे राहू देईनात. समोरच्या वहिनी रोज वाटीभर काहीतरी आणून ठेवू लागल्या. “भाऊजी, केवढे खचलात हो! आम्ही काय परके आहोत? खरं ते सांगा,” असे म्हणून त्यांनी डोळे पुसले. मी सांगितले, की तिची प्रकृती उत्तम आहे, ती बहिणीकडे आराम करीत आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “हो, हो. असंच म्हणायचं. धीर सोडायचा नाही.” मी जितके ठासून सांगावे, तितकी दुसऱ्या दिवशीची वाटी मोठी व्हावी. बाईसाहेब, माझी कोंडी तुझ्या लक्षात येत असेल. तू बरी आहेस हे पटवायचे, तर माझे केस पस्तिशीपासूनच काळे नव्हते, हे कबूल करणे भाग होते. आणि ते माझ्या जिभेवर येईना. स्वतःच्या ऐटीपायी मी धडधाकट बायकोला गल्लीभर मरणाला टेकवून ठेवले होते.

गेल्या मंगळवारी ते फुटले. महिन्याचे सामान आणायला गेलो. वाणीदादाने नेहमीप्रमाणे पिशवी भरून तयार ठेवली होती. मी ती तपासली, तर तुझा तो चंदनी साबण त्यात नव्हता. विसरलास काय, असे विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “मुद्दामच नाही टाकला, काका. उगाच आठवण कशाला?”

मला इतका संताप आयुष्यात आला नव्हता. दुकानात गर्दी होती, वहिनीही होत्या. मी टोपी काढली आणि म्हणालो, “नीट बघून घ्या सगळ्यांनी. हे केस पस्तिसाव्या वर्षी पांढरे झालेत. तो काळा रंग डबीतला होता आणि तो माझी बायको लावत होती. ती ठणठणीत आहे. तिचे केस येताहेत, चांगले येताहेत. तो साबण आत्ताच्या आत्ता पिशवीत टाक.” वाणीदादाने फळीवरून साबण काढला, तो माझ्या हातात दिला आणि अगदी हळू आवाजात विचारले, “काका, डबी कुठली वापरायचात?” त्यासरशी वहिनी ज्या हसू लागल्या, त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्याच. हसता हसता रडल्या आणि घरी येताना जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, “मी त्या दिवशी जावळ म्हटलं, ते त्यांना लागलं का हो? मला वाटलं, छान दिसतंय, म्हणून बोलले मी.” मी होय म्हणालो. त्यावर त्यांचा निरोप असा, की चार शिव्या द्यायच्या तर द्या, पण इथे येऊन द्या.

त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. कलप ओळखू येऊ नये म्हणून मी इतकी वर्षे तीन गल्ल्या ओलांडून दुसरीकडे जात होतो. आता त्याची गरज उरली नव्हती. काळी टोके सगळी उतरव, असे त्याला सांगितले. तो कापीत असता मी सहज विचारल्यासारखे विचारले, की समजा केस आता बोटाच्या एका पेराएवढे आहेत, तर ते खांद्यापर्यंत यायला किती अवकाश लागेल. त्याने कात्री थांबवली, आरशातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आजींचे का? दोन-तीन वर्षं धरा आजोबा. आणि कुरळे असले तर आणखी. कुरळा केस वाढतो, पण दिसत नाही.”

दोन-तीन वर्षे. तू तिकडे, मी इकडे, आणि फोनवर ‘गोळी घेतलीत का’. आपल्या वयाची माणसे वर्षे अशी शिलकीत टाकून बसत नाहीत, बाईसाहेब. घरी आलो, कपाटामागचा आरसा काढून पुसला आणि जागेवर टांगला. त्यात जो म्हातारा दिसला, त्याला मीही पहिल्यांदाच नीट पाहत होतो. हे माझे डोके नव्हे, असेच मलाही वाटले. तू काय म्हणत होतीस, ते मला तेव्हा समजले. समजायला फार उशीर लागला, परंतु चौथी पास माणसाला एवढी सवलत असावी.

आणखी एक गोष्ट राहिली. तू जाण्याआधीच्या दिवसांत एकदा सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलो, तेव्हा तुझा रुमाल खुंटीवर होता. तू ओट्याशी पाठमोरी उभी होतीस आणि खिडकीतले ऊन त्या नव्या केसांत शिरले होते. चाहूल लागताच तू हाताला लागले ते फडके डोक्यावर घेतलेस. मी काहीतरी बोलणे आवश्यक होते, आणि मी म्हणालो, “दूध उतू जातंय.” दूध अजून तापतही नव्हते. मी तोंड फिरवले, असे तू समजलीस. धाकटीने मला तसे सांगितले. वस्तुस्थिती अशी आहे, की तू मला त्या क्षणी फार आवडलीस. हे वाक्य मी तुला उद्देशून प्रथमच लिहीत आहे. पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. त्यात चूक नाही.

आता कारण. या पाकिटावर तिकीट नाही, शिक्का नाही, हे तुझ्या नजरेतून सुटले नसेल. हे पत्र टपालाने आलेले नाही. ते मी आत्ता तुमच्या जिन्यात धाकटीच्या हाती दिले आहे. तू यायचे नाही असे बजावले होतेस, म्हणून वर आलो नाही आणि बोलावल्याखेरीज येणारही नाही. तुझ्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे बाक आहे, त्यावर बसलो आहे. टोपी घातलेली नाही. आज रविवार आहे. तू मला दिसण्याची गरज नाही. आधी तू मला पाहून घे. पडद्याआडून पाहिलेस तरी चालेल, पण चष्मा लाव, कारण एरवी ओळखणार नाहीस. सगळे डोके पांढरे आहे, बोटाच्या पेराएवढे, आणि एका कानामागे न्हाव्याच्या नजरेतून सुटलेले थोडे काळे केस अजून आहेत. हसू आले तर मोठ्याने हस. मला इथवर ऐकू आले तर बरे वाटेल. यावेसे वाटले नाही, तर नुसता दिवा लाव, मी समजेन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा याच बाकावर येईन. मात्र यावेसे वाटले, तर रुमाल बांधण्यात वेळ घालवू नकोस. तशीच खाली ये. तुझा साबण माझ्या पिशवीत आहे.

तुझाच,
ज्याला तू ‘अहो’ म्हणतेस तो