कवळीचं अस्तर

४ ऑक्टोबर

शी! शी! शी!

मामाची वरची कवळी आज पॉलिश करायला लॅबमध्ये नेली. दिव्याखाली उलटी धरली तर टाळूच्या बाजूला गुलाबी लगदा. आधी वाटलं हिरडीचं रक्त. टोचणीने खरवडलं — औषधाचा कडवट वास. गोळी! साखर उतरवायची गोळी, अर्धी विरघळलेली, लाळेत मळलेली, कवळी आणि टाळूच्या मधल्या फटीत थापून बसलेली. तिच्या शेजारी आणखी एक, पांढरी.

आयुष्य गेलं लोकांचे दात बनवण्यात. दवाखान्यांतून येणारी मापं कशी असतात ते मला विचारा — रक्त, तंबाखू, कालच्या जेवणाचे अवशेष. तरी मी कधी डबा टाकला नाही. आज टाकला. मालक शेजारच्याच टेबलावर प्लास्टरच्या धुळीत बसून मचामचा खात होते. तेही बघवेना.

आणि गेल्या महिन्यात डॉक्टर वैतागले होते, "साखर उतरत कशी नाही?" म्हणून डोस दुप्पट केला. तेव्हा हा माणूस मख्खासारखा छताकडे बघत होता! गोळ्या पोटात जातच नव्हत्या तर उतरणार काय, कपाळ?

६ ऑक्टोबर

बोलायचंच असं ठरवून बसले. आई गेल्यापासून मला मामानेच वाढवलं. लेडीज टेलरच्या दुकानात कटर होता, माझे फ्रॉक तोच बेतायचा, माझ्या वेण्यासुद्धा त्यानेच घातल्या. त्याच्याशी बोलायला भीती कसली! पण तोंडातल्या त्या लगद्याचं नाव काढायचं म्हटलं की माझ्याच घशाशी येतं.

शेवटी म्हटलं, "मामा, गोळ्या घेतोस ना नीट?"

"घेतो की."

"गिळताना मी बघू का रोज? मदत म्हणून."

"मला काय झालंय?"

कप्प्याकप्प्यांची डबी आणली होती मी, वारांप्रमाणे गोळ्या भरायची. उघडून पाहिली — सोमवारी शर्टाची बटणं, मंगळवारी कोटाची, शनिवारी हुक! हसू आलं असतं, पण बटणांना जुन्या दुकानाचा घामट वास होता.

मग रोजच्यासारख्या मूठभर गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या, पण आज समोर उभी राहिले, म्हटलं, "आ कर." त्याने केलं. जीभ उचलली. जिभेखाली काही नाही. वर बघायचा धीर मला झाला नाही. मान दुसरीकडेच होती माझी.

"झडती संपली?" म्हणाला.

९ ऑक्टोबर

जिन्यात पुन्हा घाण! आपल्याच मजल्याच्या वळणावर. पिवळं थारोळं, पायरीवरून खाली ओघळलेलं. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं, दुसरं कोण! मी वर जाऊन त्या बाईला झाप झाप झापलं. ती म्हणते, आमचा बाहेरच गेला नाही. खोटारडी. मग मीच नाक दाबून पुसलं, स्पिरिट ओतलं, कठडाही पुसला.

जेवताना माझं तोंड सुरूच होतं. "ज्याला एवढंही धरवत नाही त्याला बांधूनच ठेवायला हवं! माणसांत ठेवायच्या लायकीचं नाही ते!" मामा खाली मान घालून भात कालवत होता. दोन घास खाऊन उठला.

१२ ऑक्टोबर

आज दाराच्या फटीतून पाहिलं. बेसिनपाशी उभा. अंगठ्याने कवळी खाली पाडली, बोट आत घातलं, गोळ्या खरवडून काढल्या, नळाखाली सोडल्या. लाळेची तार हनुवटीपासून थेट नळापर्यंत. त्याच बोटांनी मग ब्रेडला लोणी लावलं. मला म्हणाला, "घे ना अर्धा."

तिडीक गेली डोक्यात! रोज सकाळी मी समोर उभी राहायची, त्याने आ करायचा, मी बघितल्यासारखं करायचं. नाटक कंपनी आहे का ही?

बोलणार नाही. बोलण्यासारखं राहिलंय काय? मामा बारीक झालाय, हिरड्या आटल्यात, म्हणून ती फट. कवळी माझ्या हातची. फटीचं काय करायचं ते मला येतं.

१५ ऑक्टोबर

केलं. "पुन्हा पॉलिशला नेते" म्हणून कवळी घेऊन गेले आणि आतून नवा थर चढवला. जुन्या साच्यावर, अंदाजाने. तोंडाचं नवं माप घ्यायला हवं होतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. आणि त्याच्या तोंडात हात घालावा लागला असता.

आता टाळूवर टिकली चिकटवायलाही जागा नाही. बसवताना "टक" आवाज आला. मामाने दोनदा जीभ फिरवली, माझ्याकडे बघितलं. "घट्ट झाली."

"पॉलिशने होते तशी," मी ठोकून दिलं.

चहाचा कप उचलून खोलीत गेला.

१९ ऑक्टोबर

फत्ते! गोळ्या पोटात जातायत. बोटाला टोचून यंत्रावर साखर पाहिली, भराभर उतरतेय.

मामा मात्र घुम्यासारखा. बाहेर जात नाही. बाथरूमचा नळ दिवसभर चालू. खोलीत कसला तरी आंबट वास येतो, खिडक्या उघडल्या तर म्हणतो थंडी वाजते. चादर स्वतःच धुतो म्हणे! एवढी वर्षं कधी रुमाल धुतला नाही.

२२ ऑक्टोबर

ब्रेड चहात बुडवून चोखत बसतो. अर्धा चहा टेबलावर, उरलेला शर्टावर. भूक नाही म्हणतो. मी माझं ताट घेऊन आत जाऊन जेवले.

२६ ऑक्टोबर

आत्ताच हॉस्पिटलमधून आले. लिहिते तशीच.

सकाळी गोळ्या देऊन मी लॅबला निघाले होते. चष्मा विसरला म्हणून परत आले. मामा बाथरूमच्या दारात आडवा. अंग गार, घामाने निथळलेला, डोळे अर्धे उघडे, मला ओळखेना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाईने हात दिला, तिच्याच गाडीतून हॉस्पिटलला नेलं.

साखर पार तळाला गेली होती. डॉक्टर म्हणाले, "दुप्पट डोस आणि पोटात अन्न नाही? आठवडाभर जेवले नाहीत का हे? घरात बघायला कोणी नाही?"

सिस्टरने कवळी काढली. आत हिरडीला जखम. पांढरी, पुवाळलेली, नखाएवढी. त्या वासाने मी दोन पावलं मागे सरकले. सिस्टर सरकली नाही. कापसाने पुसत राहिली, मग कवळी उजेडात धरून म्हणाली, "ही कुणी बनवली? कुण्या गाढवाने?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

मामा शुद्धीवर आला होता. डोळे उघडे होते त्याचे.

२८ ऑक्टोबर

आज तोच बोलला. कवळी नाही, तोंडाचं बोळकं, शब्द ओठांतून घरंगळत होते. मान वळू नये म्हणून मी समोरच्या सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले.

"अस्तर लावलंस ना आतून?"

"तुला कळलं?"

"अगं चिमे, जन्मभर लोकांच्या अंगावर कापड बसवलं मी. माझ्याच तोंडात काय बसतंय ते कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीस? एवढी जखम होईपर्यंत!"

"तू तरी कुठे बोललीस?" मग म्हणाला, "मला वाटलं, तू शिक्षा केलीस. म्हटलं, भोगू."

"शिक्षा? कशाची?"

मग हळूहळू सगळं निघालं. पायाची सूज उतरवायची ती गोळी. घेतली की थोड्या वेळात लघवीची कळ येते, मग थांबवत नाही. मी मूठभर गोळ्या एकदम हातावर ठेवायची. त्यातली ती कुठली हे त्याला कळेना, म्हणून सगळ्याच वर टाळूपाशी लपवायचा. मी त्या दिवशी "घेतोस ना?" असं विचारलं, तेव्हा त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून खरंच गिळल्या.

"आणि मग जिना," म्हणाला. "दूध आणायला गेलो होतो. आपल्या दारापर्यंतसुद्धा पोचलो नाही."

मला काही कळेना.

"ते कुत्रं नव्हतं, चिमे. त्याच दिवशी तुला विचारणार होतो, ती गोळी कुठली ते. पण जेवताना तू..."

मला माझा शब्द न् शब्द आठवत होता.

३० ऑक्टोबर

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? ती गोळी कुठे जायचं नसेल अशा वेळी घ्या. सोबत खालून पॅड लावता येतं. साखरेचा डोस पहिल्यासारखा करू." बोलता बोलता फोनवर मेसेज बघत होते. पाच मिनिटांचं काम! त्यांच्या की-बोर्डवर बोटांची काळी पुटं चढली होती, तरी मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्यांच्याच टेबलावर माझं डोकं आपटावंसंही.

५ नोव्हेंबर

मामा घरी आला. पहिली गोष्ट काय बोलला? वृद्धाश्रमात जातो. हॉस्पिटलमधूनच सिस्टरच्या फोनवरून सगळं ठरवून आलाय!

"मी देते ना गोळ्या," मी म्हटलं. "आता कळलंय सगळं. वेगवेगळ्या देईन. पॅड आणते."

"तिथे बाई असते त्यासाठी."

"परक्या बाईकडून घेशील?"

"तिला किळस न येण्याचा पगार मिळतो," मामा म्हणाला. रागाने नाही. कापडाचा भाव सांगावा तसं. "तुला फुकट करावं लागतं. जमत नाही तुला. लहानपणीही जमायचं नाही. दुधावरची साय दिसली तरी ओकायचीस."

मी भांडले. रडले. म्हटलं, लोक काय म्हणतील. तो हसला. आणि मी खोलीत जाऊन दार लावल्यावर मला एकदम हलकं वाटलं! आता बेसिन स्वच्छ राहील, ब्रेड एकटीने खाता येईल. हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कोणाच्या नाही. या विचारापेक्षा जिन्यातलं थारोळं परवडलं.

९ नोव्हेंबर

नवी कवळी करायची. जखम भरलीय. मालकांकडून सुट्टीच्या दिवशी लॅबची किल्ली घेतली आणि मामाला खुर्चीत बसवलं. एप्रन बांधला. मापाची पेस्ट कालवली, ट्रे भरला, त्याच्या तोंडात घातला, टाळूवर दाबून धरला.

पेस्ट घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही, हलता येत नाही. माझा हात त्याच्या तोंडात, त्याचं डोकं माझ्या खांद्याशी. लाळ हनुवटीवरून माझ्या मनगटावर उतरली, बाहीत गेली. किळस आली. येणारच, ती काही माझ्या हुकमातली नाही. पण मान वळवली नाही.

आणि मग बोलले. समोर उत्तर देणारं तोंड बंद होतं म्हणूनच बोलता आलं बहुतेक. म्हटलं, "जाऊ नकोस. मला शी शी करत करतच जमेल, पण जमेल. मला किळस तुझी येत नाही रे, त्या ओल्या घाणीची येते, आणि मी दोन्ही एकच करून ठेवलं. त्या सिस्टरने विचारलं तेव्हा—" इथे मी ट्रे उगाच पुन्हा दाबला. "तू ऐकलंस, माहितेय मला."

मामा छताकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण ट्रेने उमासा आला की तसंही येतं.

ट्रे काढला. सुंदर माप आलं होतं, टाळूची रेघ न् रेघ. मामाने चूळ भरली. ओठ पुसले.

"एक तारखेची टॅक्सी सांगून ठेव," म्हणाला.

१ डिसेंबर

गेला. कवळी "टक" न करता बसली. बटणांची डबी माझ्या टेबलावर ठेवून गेलाय.

७ डिसेंबर

आश्रमात गेले होते. जेवणाची वेळ. लांब टेबल, म्हाताऱ्यांची रांग, फिनेलचा आणि उकडलेल्या भाजीचा एकत्र वास. गोळ्या देणाऱ्या बाईने विचारलं, "या कोण हो?"

मामा म्हणाला, "माझी भाची. ही कवळी हिनेच बनवलीय!" आणि भर पंगतीत, घास चावता चावता, वरची कवळी काढून सगळ्यांसमोर धरली. भाताची शितं, लाळेची तार. "घ्या, हातात घेऊन बघा फिटिंग!"

कुणीच हात पुढे करेना. मी केला. कोमट होती.