लोखंड म्हातारं होतं का?

नाशिक,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनोज,
सप्रेम नमस्कार.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. इकडे थंडी पडायला लागली आहे, सकाळी मैदानावर दवाने बूट ओले होतात. वहिनी आणि मुलं मजेत असतील. तुझं पुण्यातलं दुकान जोरात आहे असं कानावर येतं. आमच्या मैदानाचे मेंबरसुद्धा आता त्यांचे क्लब, गोल्फच्या काठ्या, दुरुस्तीला तुझ्याकडेच पाठवतात, म्हणजे तू मोठा माणूस झालास. लहानपणी माझे हरवलेले बॉल शोधायला बाभळीत तूच शिरायचास, हे मात्र विसरू नकोस.

एक कामाचं विचारायचं आहे. गोल्फ क्लबची शाफ्ट, ती पोलादी नळी, वयाने आणि वापराने झिजते का? खेळून खेळून कमकुवत होऊन एक दिवस आपोआप मोडते का? मला उत्तर ‘हो’ असं हवं आहे. आणि ते फोनवर नको, कागदावर हवं, तुझ्या सहीचं आणि दुकानाच्या शिक्क्याचं.

तू म्हणशील, शेखऱ्या, पोरांना गोल्फ शिकवून पोट भरतोस आणि हे मला विचारतोस? मला माहीत आहे रे. मुठीचं रबर झिजतं, क्लबच्या तोंडावरच्या खाचा झिजतात. शाफ्टला पोचा आला नाही, गंज लागला नाही, तर ती आपल्यालाही पुरून उरते. दर बॅचला हेच सांगतो मी. तरी विचारतो आहे.

अण्णांचा सात नंबरचा क्लब मोडला.

अण्णा मैदानावरून माळी म्हणून रिटायर झाले, तेव्हा एका मेंबरने त्यांना आपला जुना सेट दिला होता, त्यातला. अण्णा गेल्यावर वडिलांची आठवण म्हणून मी तो सेट वापरायला काढला. दिवाळीनंतरच्या रविवारी निकिताला, माझ्या मुलीला, त्यातला सात नंबर घेऊन शॉट दाखवत होतो. ती बाजूला, नेहमी उभी राहते तिथेच होती. मी मारला, हातात एकदम हलकं लागलं आणि ती ओरडली. क्लबचं डोकं तुटून तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं होतं.

एक ऑपरेशन झालंय. दुसरं पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणतात, नजर राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. बारा वर्षांची आहे रे ती. माझी बायको ज्योत्स्ना तिच्या उशाशी बसून असते, घरी फक्त आंघोळीला येते. मी दवाखाना आणि घर यांच्यात येरझाऱ्या घालतो आणि कुठेच टिकत नाही.

घरी येऊन मी तो मोडका दांडा गॅलरीत वर्तमानपत्रावर आपटला. आतून तपकिरी भुगा पडला, केवढा तरी. बाहेरून नळी चकचकीत, आतून कुजलेली. आत पाणी गेल्याशिवाय असं होत नाही, हे तुला मी काय सांगणार.

पाणी कुठून गेलं तेही सांगतो. आमच्याकडची खंडेनवमी तुला आठवते. अण्णा गवत कापायचं मशीन आणि खुरपी पुजायचे, आणि आपण पेढ्यांसाठी रांगेत. अण्णांमागे आई त्यांच्या क्लबची पूजा करते. घंगाळात डोकी खाली करून सगळे उभे करते, वरून तांब्याने पाणी घालते. मुठीच्या टोकाला ते बारीक भोक असतं ना? देवाला घालावी तशी बारीक धार ती बरोब्बर त्यावर धरायची. मग पुसून, हळदकुंकू वाहून, सगळे पाटाला टेकवून उभे. आत साचलेलं पाणी खाली डोक्यापाशी बसून राहायचं. क्लास असल्यामुळे मी त्या दिवशी कधी घरी नसायचो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, क्लब हातात घ्यायचो तेव्हा फक्त कुंकू दिसायचं.

मी भुगा झटकत होतो तेव्हा आई दारात उभी होती. म्हणाली, “शेखर, लोखंड म्हातारं होतं का रे?” मी हो म्हणालो आणि उठून बाहेर गेलो.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघितलेलं नाही. मनोज, मला आईचा राग येतो. तिने जे केलं ते अण्णांच्या मायेने केलं, सगळं कळतं, आणि तरी तिने चहा पुढे ठेवला की माझ्या मुठी वळतात. निकिता सारखी आजीला बोलाव म्हणते. आई दवाखान्यापर्यंत येते, बाहेरच्या बाकावर बसते आणि तशीच परत जाते. रविवारी मामा तिला सायखेड्याला न्यायला येतोय, कायमचं. तिने पिशव्या भरल्यात. मी राहा म्हणत नाही. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर येईल आणि मग ते परत आत घालता येणार नाही.

म्हणून तुझा कागद हवा. तिला वाचून दाखवीन, म्हणजे चूक तिची नव्हती असं तिला वाटेल. मला दुसरं काही सुचत नाही रे.

तुझा,
शेखर

ता. क. पाकीट चिकटवायचं होतं, इतक्यात आई आली. “कोणाला लिवलं?” मनोजला, म्हटलं. काय लिहिलं तेही सांगून टाकलं. ती खाली बसली.

“मनोज काय सांगंल ते मला ठाव हाय,” ती म्हणाली. “पाणी मीच घातलं. तो गंज म्या बघितला. पर त्याला म्हणावं, लोखंड म्हातारं होतं असंच लिही. मला नको त्यो कागद. तुला लागंल. तुला माझ्या तोंडाकडं बघता येत नाय.”

मी पत्र पाकिटातून परत बाहेर काढलं. ती उठली आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला गेली.

तेव्हा लिही. खोटं आहे हे घरात दोघांनाही माहीत आहे, तरी लिही. कुरियरने पाठव, रविवारच्या आत मिळू दे.

तुला आईचा आशीर्वाद आहे. आत्ताच स्वयंपाकघरातून तिने सांगितला आणि मी मान खाली घालूनच लिहून घेतला.

शेखर