आठ थर आणि एक खुंटी

१८ ऑक्टोबर

गेली तीन वर्षं हरणं का चुकली याचा आज छडा लागला. नेमाचा काही दोष नाही. थंडी! अंग थरथरतं, बंदूक थरथरते, गोळी भलतीकडे जाते. यंदा कपडे नीट केले की काम फत्ते. बजेट चाळीस डॉलर. (इल्माने ठरवलं. बायको आहे.)

सासऱ्यांच्या जंगलातल्या शिकारीच्या कॅम्पचा नियम असा की गोळी चुकली की शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून भिंतीवर ठोकायचं. तिथली तीन शेपटं माझीच. चौथं लागलं की बंदूक जाणार आणि मी कायमचा स्वयंपाकाला, असं सासरे आर्व्हिड यांनी ईस्टरच्या जेवणात भर पंगतीत जाहीर केलंय. उलट एक हरीण मिळालं, की भिंतीवर आपल्या नावाची खुंटी. लग्नाला बारा वर्षं झाली, माझा कोट अजून लाकडांच्या ढिगावर. मेहुणा वॉल्टर याला दोन खुंट्या आहेत. दुसरीवर तो नुसती टोपी टांगतो.

मला खुंटी हवी. बस्स.

२१ ऑक्टोबर

इल्माने माळ्यावरून आर्व्हिडचा जुना लोकरी कोट काढला. तपकिरी, वजनदार, डांबरगोळ्यांचा वास. म्हणाली, आत लोकरी बनियन, वर हा, झालं तुझं. बाबांनी पहिलं हरीण यातच मारलंय, जपून वापर. तिला समजावलं की आता जमाना लेयर्सचा आहे. गाद्यांच्या दुकानात पंधरा वर्षं काढली मी, थरांबद्दल मला कोण शिकवणार? तर म्हणे, अरे, लोक तुझ्या गादीवर झोपतात, ती अंगाला गुंडाळून जंगलात जात नाहीत.

मुद्दा सोडून बोलते. तरी कोट ठेवला. वरच्या थरांत कुठेतरी बसेल.

२ नोव्हेंबर

चर्चच्या जुन्या कपड्यांच्या सेलमध्ये लूट केली. दोन सुती स्वेटशर्ट, एक मासेमारीचा रेनकोट, कुठल्याशा बँडच्या गणवेशाची पँट. इल्मा म्हणाली, सुती कपडा घामाने भिजला की गारठून मरशील. मला घाम येतच नाही. उरलेल्या पैशांत कॉफी आणि बन.

८ नोव्हेंबर

सर्वांत आतला थर राहिला होता. दुकानातले महाग. इल्माच्या खालच्या खणात फ्लॅनेलची नाईटी सापडली, जांभळ्या फुलांची. अंगाला अगदी चिकटून बसते. विचारायची गरज वाटली नाही. शिवाय दुकानातला बबल रॅप (फुकट), आणि मोज्यांवर पावाच्या पिशव्या.

रंगीत तालीम घेतली. सगळं चढवून खुर्चीत बसलो. उठता येईना. इल्मा परत येईपर्यंत टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम पाहावा लागला. पास्टीची, म्हणजे मटण भरून भाजलेल्या करंजीची, कणीक थंडगार हवी असते म्हणे. काय करायचंय मला!

१४ नोव्हेंबर, कॅम्प

दुसऱ्या शिकाऱ्यांना माणूस दिसावा म्हणून कायद्याने नारिंगी जॅकेट सगळ्यात वर लागतं. माझं चौथ्या थरापुढे चढेना. वॉल्टर म्हणाला, दाजी, मग आतच घाला की, हरणाला सांगू आम्ही. शेवटी आर्व्हिडनी ते पाठीत उभं फाडून दोरीने बांधून दिलं. म्हणाले, जावईबापू, उद्या पडू नका, घरंगळत थेट तलावात जाल.

हसू देत. उद्या कळेल.

१५ नोव्हेंबर, पहाट

एकूण थर आठ. थंडी अजिबात नाही!! शास्त्र ते शास्त्र.

थोड्या वेळाने

चढण. घाम. (अपवादात्मक.) बबल रॅप पावलोपावली फुटतोय. जॅकेटची दोरी सोडून आतला आर्व्हिडचा कोट काढला आणि देवदाराच्या फांदीवर टांगला. तेवढाच खुंटीवर टांगायचा सरावही झाला. पुढे जाऊन माझ्या जागेवर बसलो.

नंतर

घाम गार झालाय. कुडकुडतोय. अक्षर वेडंवाकडं, पण माझंच आहे.

उजाडताना

हरीण! तपकिरी, भलंमोठं, फांद्यांत स्थिर उभं. बबल फुटतात तरी हलत नाही. असला धीट नर मी पाहिलेला नाही. कोपर वाकेना, तरी बंदूक उचलली. ठो! जागच्या जागी खाली! खुंटी माझी!

जवळ गेल्यावर

कोट.

दुपार

माझं म्हणणं असं की ही चूक धरताच येत नाही. छातीच्या बरोबर मधोमध, दुसऱ्या बटणाच्या वर. नेम यापेक्षा अचूक काय असतो? वॉल्टर हसून हसून बर्फात बसला.

आर्व्हिड हसले नाहीत. कोट मांडीवर घेऊन भोकात बोट घालून बसले होते. मग म्हणाले, रसेल, यात माणूस असता तर? बारा वर्षांत पहिल्यांदा जावईबापू म्हणाले नाहीत. फार लाज वाटली.

बंदूक मीच त्यांच्या हातात दिली.

मग कात्री आली. शर्टाचं शेपूट शोधायला दोघांनी मला सोलायला घेतलं. स्वेटशर्ट, रेनकोट, बबल. शर्ट नव्हताच, शेवटी जांभळी फुलं. वॉल्टर म्हणाला, ही तर आमच्या इल्माची... आणि कात्री आर्व्हिडकडे सरकवली. आर्व्हिडनी दुसरीकडे बघत कापलं.

१९ नोव्हेंबर

इल्मा बोलत नाही. फोनवर सांगितलं होतं मी, पण फुलांचं नव्हतं सांगितलं. ते वॉल्टरने सांगितलं.

२३ नोव्हेंबर, कॅम्प

आज सगळे जेवायला. वॉल्टरने मारलेल्या हरणाच्या मटणाची पास्टी मी केली. कणीक थंडगार ठेवली होती. प्रत्येकाने दोन दोन खाल्ल्या. वॉल्टरने तिसरी मागितली आणि चक्क नुसतं दाजी म्हणाला, पुढे काही जोडलं नाही.

आर्व्हिड तोच कोट घालून आले. छातीवर जांभळ्या फुलांचं ठिगळ. इल्माचं काम. जेवल्यावर त्यांनी हातोडी मागितली आणि चुलीशेजारी खुंटी ठोकली. खाली नाव: रसेल. तेवढ्यात इल्माने पिशवीतून एक ॲप्रन काढून तिच्यावर टांगला. माझ्या शर्टांची तीन शेपटं जोडून शिवलेला. खिसा नाईटीचा.

भिंतीवर आता माझं एकही शेपूट नाही.

ॲप्रन बांधून भांडी घासली. आत एकच शर्ट होता. थंडी वाजली नाही.