बिगुल बुडाला, मी सुटलो

मु. कोताविरी, तितिकाका तळ्याकाठी
जानेवारीतला दुसरा शुक्रवार

तीर्थस्वरूप इलारिओनमामा यांच्या सेवेशी,

तुमचा आज्ञाधारक (आता फक्त तुमचाच, सरकारचा नाही) भाचा सेनोन याचा पाया पडून नमस्कार. तुमचा खोकला गेला असेल आणि मामींच्या कोंबड्या शेजाऱ्यांच्या तडाख्यातून वाचल्या असतील अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे, मेंढ्या बऱ्या आहेत, आणि मी इतका बरा आहे की काल उजाडल्यावरही झोपलेला पाहून आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तर मामा, मी सुटलो. गळ्यात कागदी फुलांच्या माळा, केसांत रंगीत कागदांचे तुकडे आणि खिशात आरमाराची सेवापुस्तिका, असा परवा घरी पोचलो. त्या पुस्तिकेखातरच हे वर्ष काढलं. तेओदोसिओकाकांनी बजावलं होतं की बराकीत वर्ष न काढलेल्या पोराला ते आपली मेंढीसुद्धा देणार नाहीत, मुलगी तर सोडाच. (मुलीने, म्हणजे बेनेदिक्ताने, वर्षभर वाट पाहिली. पत्रं तीनच लिहिली, पण तिन्हींत लवकर ये असं होतं.) ती पुस्तिका शेवटच्या आठवड्यात हातची जाणार होती, ते सविस्तर लिहितो. मामी हे पत्र मोठ्याने वाचणारच, तेव्हा गल्लीतल्यांना आधीच बसवून घ्या.

आपल्या देशाचा समुद्र जुन्या लढाईत गेला हे शाळेत शिकलो होतो, पण नसलेल्या समुद्रापायी किती काम पडतं ते आरमारात गेल्यावर कळलं. रोज सकाळी पश्चिमेकडे तोंड करून त्याला सलाम ठोकायचा. मधे बर्फाच्या डोंगरांची अख्खी रांग, तिच्यापलीकडे दुसरा देश, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. त्याला आमचा सलाम पोचत होता की नाही देव जाणे. निवड करताना आमचे दात मोजले, तळपाय पाहिले, घरात कुणी वेडं आहे का विचारलं. पोहता येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. येत नव्हतंच. आपल्या तळ्याच्या गारठ्यात शहाणा माणूस हौसेने पाय घालत नाही, आणि आमच्या तुकडीतले बाराही जण काठावरचेच.

आमच्यावर होते लेफ्टनंट एग्वेस. खालच्या गरम मुलखातले, वय पंचवीस, हाडं मोजून घ्यावीत असे. थंडीने त्यांचे ओठ कायम निळे, आणि त्या थंडीचा सूड ते आमच्यावर उगवायचे. वर्षभरात त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. बराकीच्या यादीत मी सतरा नंबर, म्हणून सतरा. तळ्याला भरती-ओहोटी नाही, आणि ती शिकल्याखेरीज खलाशी होत नाही असं त्यांचं मत. मग कवायतीच्या मैदानावर आम्हीच समुद्र व्हायचो. "भरती" म्हटलं की बारा जणांनी पोटावर सरपटत झेंड्यापर्यंत जायचं, "ओहोटी" म्हटलं की तसंच उलटं मागे. मकारिओ नावाचा माझा दोस्त एकदा मधेच हसला, तर लेफ्टनंटनी त्या दिवशी आमच्यावर वादळ आणलं. संध्याकाळपर्यंत कोपरं सोलून निघाली. (मकारिओला आम्ही रात्री जेवणात बटाटा दिला नाही.) टोप्यांचं तर विचारू नका. बराकीत वस्तू हरवत नाही, तिचा मालक बदलतो. माझी टोपी गेली, मी मकारिओची घेतली, त्याने अजून कुणाची, आणि आठ दिवसांनी माझीच टोपी फिरून माझ्या डोक्यावर आली, वर उवा घेऊन.

तरी खोटं का बोलू, काही दिवस बरे गेले. गावच्या बँडमध्ये वाजवत होतो म्हणून मला बिगुल दिला होता, आणि पहाटे पाण्यावरून त्याचा आवाज पार पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचा तेव्हा मला फार बरं वाटायचं.

त्याच बिगुलाने घात केला. सुटकेच्या चार दिवस आधी लेफ्टनंट आम्हाला बोटीतून निरोपाची सलामी द्यायला पाण्यावर घेऊन गेले. बोट हलली, बिगुल माझ्या गारठलेल्या बोटांतून निसटला आणि गेला तळाला. आम्ही बाराही जणांनी ताबडतोब टोप्या काढल्या. काय करणार? तळ्यात पडलं ते तळेमाउलीचं. ते परत मागायचं नाही, काढायचं नाही, गोड मानून घे म्हणायचं आणि पुढे वल्हवायचं. लेफ्टनंटना वाटलं आम्ही त्यांची थट्टा करतोय. ते म्हणाले, सरकारी सामान पुरं जमा झाल्याशिवाय पुस्तिका नाही. बिगुल नाही तर सतरा अजून एक वर्ष इथेच. मग कुणीच हलेना म्हणून ते स्वतः आकडीची काठी घेऊन वाकले, आणि मामा, ते गेले डोक्याकडून पाण्यात. परक्यावर माउलीचा हक्क नाही, म्हणून मी वल्हं पुढे केलं, कॉलर धरली आणि ओढून वर घेतलं. उपकाराखातर त्यांनी बिगुलाचा विषय सोडला आणि पुस्तिकेवर सही केली. गावात ही गोष्ट मी आतापर्यंत सात वेळा सांगितली आहे.

लग्न कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी ठरलं. लग्नात वडीलकीने माझ्यामागे उभे राहणारे धर्मपिता अर्थातच तुम्ही, आणि अख्ख्या एल आल्तो शहरात तुमच्यासारखा शिंपी नाही, त्यामुळे त्या दिवसासाठी स्वतःचा सूट तुम्ही कधीच शिवून ठेवला असेल. मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमचा,
सेनोन काल्यिसाया
(नंबर नसलेला)

ता. क. आईने वाळवलेले मासे पाठवलेत. मामींनी मोजू नयेत, वाटेत बसवाल्याने चार खाल्ले असतील.

दुसरा ता. क. (हा कागद वेगळा घडी केला आहे. मामींना देऊ नका, एकट्याने वाचा.)

मामा, पाण्यात लेफ्टनंट पडले नाहीत. मी पडलो.

पुस्तिका गेली म्हणजे बेनेदिक्ता गेली, एवढंच डोक्यात होतं. काठी घेऊन मी वाकलो आणि गेलो. बोटीतल्या अकरा जणांनी टोप्या काढल्या. त्यांचा राग नाही, मीही तेच केलं असतं. मकारिओ म्हणे टोपी काढताना हमसून रडत होता. लेफ्टनंटनी बुटांसकट उडी मारली. वर काढल्यावर मी त्यांना इतका घट्ट धरून बसलो की दोघांना सोडवायला चार जण लागले. दात वाजत असताना त्यांनी विचारलं, "सतरा, नाव काय रे तुझं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "सेनोन, बिगुल माझ्या हातून पडला असं मी लिहितो. आणि गावात सांगा, पाण्यात मी पडलो. मी परका, तळं माझं काय करणार? तुला मात्र हे लोक घरात घेणार नाहीत, ते मला त्या टोप्या बघून कळलं."

आणि ते खरं आहे. तेओदोसिओकाका जन्माचे कोळी. तळ्याचा हक्क असलेल्या माणसाला ते मुलगी देणार नाहीत. अकरा जणांनी शपथ घेतली आहे. बेनेदिक्ताला मी काल सांगितलं. ती म्हणाली, "माउलीने ठेवून घेतलं नाही, म्हणजे तिला नको होतास. मला हवा आहेस."

आता मागणं. मामा, धर्मपित्याचा मान तुम्ही लेफ्टनंट एग्वेसना सोडा. तुमचा हक्क आहे आणि मागताना मला लाज वाटते, पण मला दुसऱ्यांदा जन्म त्यांनी दिला आणि ते कुणाला सांगता येत नाही. निदान लग्नात त्यांच्या पाया पडता येईल. जावयाला धर्मपिता म्हणून लष्करी अधिकारी मिळाला तर काका फुगतीलच. मी विचारलं तेव्हा लेफ्टनंट म्हणाले, येईन, पण माझ्याकडे गणवेशाखेरीज कपडे नाहीत. म्हणून तुमचा तो सूट उसवून त्यांच्या मापाने आत घ्या. माप माझ्याजवळ पक्कं आहे. माझे दोन्ही हात त्यांच्या छातीभोवती पुरे येतात, आणि वर चार बोटं उरतात.