अयोध्याच्या हाताला झेपेल असं

उदगीर, मंगळवार

प्रिय अयोध्या,

लायसन मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि विचारलंस, अण्णा, माझ्या हाताला झेपेल असं कोणतं हत्यार घेऊ? मी नुसतं बघतो म्हणालो. वीस वर्षं फौजेत आणि बारा वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत सांगता यायला हवं होतं. मला आठ दिवस लागले. हल्ली सगळ्यालाच वेळ लागतो.

शनिवारी तुझ्या आईला घेऊन लातूरच्या दुकानात गेलो. तुम्हा दोघींचा पंजा सारखाच, आखूड बोटांचा, म्हणून तिला नेलं. बाईमाणसासाठी म्हटल्यावर दुकानदारानं आधी पर्समध्ये मावेल असं हलकं, पॉइंट बत्तीसचं पिस्तूल काढलं. लोक इथंच फसतात. गोळी तीच असेल तर हत्यार जितकं हलकं, तितका हाताला झटका जास्त. शिवाय पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो, आणि गोळी सुटताना मनगट ढिलं पडलं की ते अडकतं. रिकामं पिस्तूल आईनं दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, मलाच ओढंना, तिच्या तर हातात लोखंडाची पट्टी हाय.

मग रिव्हॉल्व्हर पाहिली. मागच्या आवारात चाचणीची जागा आहे, तिथं मी मुद्दाम डाव्या हातानं गोळ्या मारल्या. तो हात आता माझाही नीट वळत नाही, तुझ्या मनगटाचा अंदाज येईल असं वाटलं. बत्तीसचं जड, रबरी मुठीचं रिव्हॉल्व्हर बरं होतं, तरी पाचव्या गोळीला कोपरापर्यंत कळ गेली. पॉइंट बावीसला झटका जवळजवळ नाहीच. गोळी लहान आहे, हे खरं. पण भिऊन डोळे मिटून मारलेल्या मोठ्या गोळीपेक्षा नेमकी लागणारी लहान गोळी चांगली. एखादी फुटली नाही तर पुन्हा चाप दाबायचा, पुढची समोर येते. चाप जरा जड आहे, दोन्ही हातांनी धरायची सवय कर. बावीसचंच घे. घेतल्यावर आधी इथं ये, माझ्या देखत पन्नास गोळ्या मार, मगच नांदेडला ने. आणि त्याच्याही आधी तुझ्या खोलीच्या दाराला आतून लोखंडी अडसर बसवायचा. दार टिकलं तर हत्याराला हात लावावाच लागणार नाही.

आई तिथं दुकानदाराला एकच गोष्ट विचारत राहिली, आवाज केवढा होतो. त्याला वाटलं बाई घाबरली. तो म्हणाला, मावशी, याचा आवाज त्या मानानं कमी. तशी ती म्हणाली, कमी नगं, शेजारी उठले पायजेत. हिमायतनगरला सासरी तू ओरडत होतीस तेव्हा त्या गल्लीत कुणी कडी काढली नव्हती, ते ती विसरलेली नाही. लखनला कोर्टानं तुझ्यापासून लांब राहायला सांगितलंय, तरी महिन्यात दोनदा तो तुझ्या दारापर्यंत आला, हे तू मला सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस. बरोबर केलंस. मला सांगून काय झालं असतं, ते तू एकदा पाहिलंयस.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात हवालदार आला होता. मनगट कसं मोडलं, त्यानं मला विचारलं. लखननं पिरगळून मोडलं, हे तू मला तासभर आधीच सांगितलं होतंस. मी म्हणालो, न्हाणीत घसरली. सही केली. तू खाटेवर होतीस, सगळं ऐकलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. प्लास्टर निघाल्यावर मीच तुला हिमायतनगरला सोडून आलो. चार लोक काय म्हणतील, याच्या पलीकडे माझ्याकडे काही कारण नव्हतं. आता त्याचा वकील तोच कागद कोर्टात दाखवतोय, की बापानंच लिहून दिलंय.

म्हणून हे पत्र. काल मी नांदेडला येऊन गेलो. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. तुझ्या वकील महामायाताईंकडे गेलो आणि तो जबाब खोटा होता, तुला त्या घरात परत मीच धाडलं, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्या म्हणाल्या, उलटतपासणीत तुम्हाला भर कोर्टात खोटारडा म्हणतील, अयोध्याच्या आईही ऐकतील. मी म्हणालो, हाव, म्हणू दे. चौदा तारखेला माझी साक्ष आहे. कोर्टातून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं एवढंच वाटलं. माफी मागत नाही, माफ करायचं की नाही तो तुझा प्रश्न. त्या दिवशी मी समोर नको असेन तर तसं कळव. नाव पुकारेपर्यंत बाहेर बाकावर बसेन, साक्ष देईन आणि परतीची गाडी धरीन.

तुझाच,
अण्णा