दाढेचा फोटो कॉलरीत गेला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (उभ्यानंच; खाली वाकलं की दाढेत ठणका जातो). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे मजेत आहेत, एक मी सोडून. हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतो आहे. पहिलं अर्ध्यावर टाकून पाणी प्यायला उठलो, दुसरं टाकून आरशात तोंड उघडून पाहायला, आणि आता दुकानात कटिंगच्या टेबलापाशी उभा राहून लिहितो आहे, कारण बसवत नाही.

तर, खालच्या दोन अक्कलदाढा. (त्या नावावरचे सगळे विनोद गिऱ्हाइकांनी करून झालेत, तू कष्ट घेऊ नकोस.) डावी अधूनमधून सुजते, उजवी गप्प आहे, पण दोघीही सरळ न उगवता शेजारच्या दाढेवर रेलून पडल्या आहेत. गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही काढा. नाही काढल्या तर, विचारलं. तर म्हणे कदाचित काही होणार नाही, कदाचित पुढे त्रास होईल, ठरवायचं तुम्ही! अगं, गिऱ्हाइकानं बाही किती ठेवू विचारल्यावर मी ‘कदाचित साडेनऊ, ठरवायचं तुम्ही’ म्हटलं, तर कोण चढेल दुकानाची पायरी? म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मुळीच हात लावू नका, नस अगदी जवळून जाते, ओठ बधिर राहू शकतो. आता ओठ बधिर झाला तर मी टाचण्या कुठे धरू? वीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बाह्या बसवतो आहे. (तोंडात टाचण्या असल्या की गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही, धंदा त्यावरच टिकलाय.) दोन मतं घेऊन घरी आलो, तर बायको म्हणाली, “काढा नाहीतर ठेवा, पण जेवताना जीभ सारखी तिकडे नेऊ नका, बघवत नाही.” जीभ आपली आपण जाते, त्याला मी काय करू?

मग तिसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि त्यांना दाखवायला जबड्याचा मोठा एक्स-रे फोटो दुकानात आणून ठेवला. इथे घोटाळा झाला. आपल्याकडे कापडावर कॉलर आखायचे फर्मे कशाचे असतात तुला माहीतच आहे. पुठ्ठ्याची कड झिजते, एक्स-रे मात्र वर्षानुवर्षं टिकतो. बाबांच्या मोडलेल्या मनगटावर आपण किती शाळांचे गणवेश कापले! मी चहाला गेलो आणि आपल्या म्हाताऱ्या कारागिरानं (हात सोन्याचा, विचारायची पद्धत नाही) खडूची रेघ मारून माझ्या जबड्याची झकास कॉलर कापली. डावी दाढ टोकाला आली, उजवी केरात गेली. ओरडायला तोंड उघडलं तर अशी कळ आली की नुसतं ‘बरं’ म्हणालो. तोवर त्यावर सहा शर्ट कापून झाले होते. खरं सांगायचं तर कॉलर इतकी छान बसते आहे की बोलायची सोय नाही.

डॉक्टरांकडे तो फर्माच घेऊन गेलो. त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि उजवी बाजू कुठे आहे विचारलं. ती दुकानाच्या केरात गेली म्हटल्यावर त्यांनी हातमोजे काढून ठेवले. नवा फोटो काढावा लागला. त्यांचं मत : डावी काढा, उजवी राहू द्या. म्हणजे तिघांची तीन मतं झाली. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे, नको असेल तर आदल्या दिवशी कळवायचं. मी रोज फोन उचलतो आणि खाली ठेवतो. भीती वाटते, ताई. एवढा बाप्या झालो, पण वाटते.

बाकी ठीक. काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : दवाखान्याच्या कागदावर ‘सोबत कोण येणार’ अशी एक ओळ होती. बायकोला दवाखान्याच्या वासानंच भोवळ येते. तुला न विचारता तुझं नाव लिहून आलो.

ता. क. २ : तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू म्हणाली होतीस, काही करू नकोस, नुसता बाहेर बाकावर बस. मी गणवेशांची घाई आहे म्हणालो. तेवढी घाई नव्हती. तुला आत नेताना मला बघवलं नसतं, म्हणून आलो नाही. परवा दाताच्या दवाखान्यात तसल्याच बाकावर तासभर एकटा बसलो तेव्हा कळलं, तू किती थोडं मागितलं होतंस.

ता. क. ३ : पत्र पुरं होईतो ठणका थांबला. दाढ एकदम गप्प आहे. गुरुवारची वेळ रद्द करावी म्हणतो. तू मात्र ये.